बेचाळीस दाणे

आई माघात गेली. धारचुल्याच्या घरी, गच्चीत उन्हाला बसलेली असताना. ब्याऐंशी वर्षांची होती, दुखणं असं काही नव्हतं. रुकुमा दीदीनं, माझ्या थोरल्या बहिणीनं, तिच्यापुढे मीठ-लोण्याचा चहा ठेवला आणि ती राजमा निवडायला आत गेली. परत आली तेव्हा चहावर लोणी गोठलं होतं आणि आईची मान बाजूला कलली होती.

चौतीस वर्षं मी रस्त्यांच्या सर्वेक्षणाचं काम केलं. साखळी धरून डोंगर मोजले. मोजलेलं तेवढंच खरं मानायची सवय त्यातूनच लागली. पुढे जे सांगणार आहे त्यातलं मोजता आलं ते मोजलेलं आहे, बाकीचं दिसलं तसं सांगतो.

आमच्यात माणूस गेलं की त्याला वाट सांगावी लागते. हिवाळ्यात आम्ही खाली धारचुल्याला असतो, उन्हाळ्यात वर दारमा खोऱ्यात, रोंगतूला. गेलेल्या माणसानं खालच्या घराच्या उंबऱ्यावरून निघायचं आणि जुन्या पायवाटेनं एकेक ठिकाण घेत रोंगतूपर्यंत यायचं. तिथून पुढे हिमनदीच्या वर, आधीचे सगळे जिथे आहेत तिथे. अमरीचा, म्हणजे वाट सांगणारा, एकेका ठिकाणाचं नाव घेतो. इथे पाणी पी, इथे ओझं टेक, इथे मागे बघू नकोस, असं सांगतो. नाव घेतल्याशिवाय गेलेला माणूस पाऊल उचलत नाही. आणि हे सगळं आमच्या भाषेत, रङल्वूत, तेही जुन्या रङल्वूत. मेलेल्यांना दुसरी भाषा कळत नाही म्हणतात. आईला जिवंतपणीही कळत नव्हती. हल्द्वानीहून माझी मुलं फोनवर हिंदीत बोलायची, ती फोन कानाला लावून हसत बसायची आणि मग मला विचारायची, "काय म्हणतात रे? जेवली का?"

चौथ्या दिवशी दुपारी फकीर तिते आले. तिते म्हणजे आजोबा. ते माझे नात्याचे नव्हेत, पण रोंगतूत त्यांना सगळेच तिते म्हणतात. वय पंच्याऐंशी, आणि गावात उरलेले एकच अमरीचा. आमच्याकडे रीत अशी की, मुलानं समोर बसायचं आणि एक ठिकाण घेऊन झालं की पांढऱ्या कापडावर जवाचा एक दाणा पुढे ठेवायचा. बसलेल्यांनी म्हणायचं, "हो, चल." ती नावं मी इथे लिहिणार नाही. विनाकारण घ्यायची नसतात.

सत्ताविसावा दाणा मी ठेवला आणि तिते थांबले. चकतीचा, म्हणजे घरच्या दारूचा, पेला त्यांनी ओठाला लावला, न पिता खाली ठेवला. नदीपलीकडे नेपाळातल्या शाळेची घंटा वाजली. माणसं वाट बघत होती. मग त्यांनी पुढचं नाव घेतलं, सगळे "हो, चल" म्हणाले, मी दाणा ठेवला. संध्याकाळी कापड गुंडाळताना मोजले. बेचाळीस.

वडील गेले त्याला चोवीस वर्षं झाली. त्यांच्या वेळी त्रेचाळीस होते. पक्कं आठवतं, कारण तेव्हाही मी मोजले होते.

तितेंना घरी सोडायला गेलो तेव्हा जिन्यात विचारलं.

"तिते, एक दाणा कमी पडला."

"तुझी मोजायची खोड काही जात नाही, हयात."

"बाबांच्या वेळी त्रेचाळीस होते."

"बाबांच्या वेळी रस्ता नव्हता." ते कठड्याला धरून उभे राहिले. "ते नाव येत नाही. जिभेवर येतं आणि तिथेच बसतं. पुढचं, मागचं सगळं सांगितलंय मी तुझ्या आईला. हुशार होती. जाईल विचारत विचारत."

"कुणाला विचारत?"

ते एक पायरी वर चढले. "रुकुमाला सांगू नकोस," एवढंच म्हणाले.

मी सांगितलं नाही. माझा या सगळ्यावर विश्वासही नव्हता. एक नाव राहिलं, राहिलं. चैतात आणखी दोन म्हातारे गेले, तितेंनी त्यांनाही वाट सांगितली. मी दोन्हीकडे हजर होतो. बेचाळीस आणि बेचाळीस.

वैशाखात घर वर न्यायची वेळ आली. आता मेंढ्यांवर ओझी घालून आठ दिवस चालायचे दिवस गेले, जीपनं एका दिवसात माणूस रोंगतूला पोचतो. जीप दीवानची. दीवान थल गावाकडचा कुमाऊंनी गडी, आमच्या रस्त्यावर बारा वर्षं गाडी चालवतो, पण आमच्या भाषेतला एक शब्द त्याला येत नाही. मला पुढे बसवून घेतलं आणि म्हणाला, "दाज्यू, तुम्ही या रस्त्याचे इंजिनियर ना? मग एक गोष्ट सांगा. त्या एक्केचाळीसच्या वळणावर तुमची माणसं गप्प का होतात?"

"कोण गप्प होतं?"

"सगळेच. तुमची बोली मला कळत नाही, म्हणून ती थांबली की लगेच कळतं. मागे बायका भांडतात, खिदळतात, बटाट्याच्या बेण्यावरून एकमेकींचे बाप काढतात. वळण आलं की चिडीचूप. वळण गेलं की परत सुरू. पण हिंदीत. यंदाच्याच हंगामात सुरू झालंय. आधी वाटलं, घाबरतात. पण बिचाऱ्यांना पत्ताच नसतो."

मी घड्याळ काढून हातात धरलं. मागे रुकुमा दीदी शेजारणीला आपल्या भाषेत सांगत होती, गेल्या वर्षी फाफराचं पीक अस्वलानं कसं तुडवलं ते. किलोमीटर एक्केचाळीस, दगड सहावा. अकरा वाजून वीस मिनिटं. दीदीचं वाक्य मध्येच थांबलं. मी मागे वळून बघितलं. तिचं तोंड अर्धवट उघडं होतं, नजर कड्याकडे. शेजारीणही तशीच. दीवाननं माझ्याकडे बघून भुवई उडवली. वळण दोनशे दहा मीटरचं आहे, मीच आखलेलं. ते संपलं आणि दीदी म्हणाली, "और फिर भालू ने सारा खेत बरबाद कर दिया."

"दीदी, आपल्या भाषेत सांग की."

"त्यातच सांगतेय ना," ती हिंदीत म्हणाली.

मी मनातल्या मनात एकेक वस्तू आमच्या भाषेत म्हणून बघायला लागलो. दगड आला. पाणी आलं. ओला कडा आणि त्यावरून टिपटिप गळणारं पाणी, यांना आमच्यात एकच शब्द आहे. तो आला नाही. लहानपणापासूनचा शब्द. रोंगतूला पोचेपर्यंत आठवत राहिलो. तो आजतागायत आलेला नाही.

त्या रात्री जुनी वही काढली. सर्वेक्षणाच्या वेळी ही पायवाट मी पाऊल न पाऊल मोजली होती. प्रत्येक ठिकाणी हमालाला नाव विचारून वहीत लिहायचो. सत्ताविसावं ठिकाण होतं, एकोणतिसावं होतं. मध्ये माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "४१/६. ओला कातळ. सुरुंग." नाव नव्हतं. हमालानं सांगितलं असणार. सुरुंग लावून उडवायच्याच जागेचं नाव कशाला, असं तेव्हा वाटलं असावं.

जेठात कीडाजडीचा, म्हणजे कुरणातली औषधी बुरशी वेचायचा, हंगाम आला आणि गाव वरच्या कुरणांवर गेलं. मी दीवानबरोबर खाली निघालो आणि एक्केचाळीसवर उतरलो. वळणाच्या अलीकडे दरड साफ करणाऱ्या मजुरांच्या ताडपत्र्या होत्या. नेपाळातली माणसं. त्यांचा मुकादम तुलबीर मगर मला ओळखत होता. तो तंबू उचलून चारशे मीटर मागे आणत होता.

"का रे? जागा तर चांगली होती."

"साहेब, पोरं काम करत नाहीत तिथे."

"दगड येतात?"

"दगड नाही, माणसं येतात." त्यानं चहाचं आधण ठेवलं. "दुपारी, बारा-एकच्या सुमाराला. आधी एक म्हातारी यायची. मग दोन म्हातारे आले. आता जास्त असतात. तुमच्याकडचीच, जुन्या कपड्यांतली. रस्त्याच्या कडेला उभी असतात, पाठीवर ओझं असल्यासारखी वाकून. आणि विचारतात."

"काय विचारतात?"

"आम्हाला थोडंच कळतं? आम्ही सांगतो, एक्केचाळीस किलोमीटर. माना हलवतात. पुन्हा तेच विचारतात. रोज तेच, आता तर पाठ झालंय."

"म्हणून दाखव."

तुलबीर जरा ओशाळला. मग त्यानं दातांतून आत वारा ओढला, चढावर ओझं घेऊन आलेलं माणूस ओढतं तसा, आणि ते वाक्य म्हटलं. माझी भाषा त्याच्या तोंडात चांगली बसली नव्हती, पण शब्द स्वच्छ होते. "भावाच्या पोरा, हे कोणतं ठिकाण?"

अनोळखी पुरुषाला भावाचा पोर म्हणायची आमच्यात रीत नाही. ती फक्त आईची सवय होती. धारचुल्याच्या दूधवाल्यालाही ती तसंच म्हणायची. आणि प्रश्न विचारण्याआधी दातांतून वारा ओढायची.

चहा घेतला. साखर जास्त होती. पेला दगडावर ठेवला.

मी बारापासून दोनपर्यंत वळणावर उभा राहिलो. मला कुणी दिसलं नाही. खालून एक कळप आला, दोनशेच्या आसपास मेंढ्या. वळणावर त्या आपोआप दरीच्या कडेला एका रांगेत झाल्या आणि डोंगराकडची अर्धी बाजू मोकळी सोडून पुढे गेल्या.

परत येऊन तडक तितेंकडे गेलो. ते अंगणात लोकर विंचरत बसले होते. तुलबीरनं म्हटलेलं वाक्य मी म्हणून दाखवलं, वाऱ्यासकट. त्यांचे हात थांबले.

"खरं सांगा," मी म्हणालो. "कधीपासून येत नाही नाव?"

"कडा उडवला तेव्हापासून."

"म्हणजे अठरा वर्षं?"

"आधी वाटलं, म्हातारपण आहे. मग इतरांना विचारलं. कुणालाच येईना. जायचं-यायचं बंद झालं की नाव कोण घेतंय? मी ओलांडून पुढे जायला लागलो. कुणी मोजत नव्हतं, आणि अडलेल्यांपैकी तुझ्या आईसारखं कुणी विचारतही नव्हतं." ते लोकरीकडे बघत राहिले. "तू नोकरीवर बाहेर होतास."

"आणि तितीआजी?" त्यांची बायको आठ वर्षांपूर्वी गेली होती.

"तिला मीच सांगितली वाट," तिते म्हणाले. "बेचाळीस."

त्यांनी लोकरीचा पुंजका पुन्हा विंचरायला घेतला. मग त्यांनी हिमूली ललाचं नाव काढलं. लला म्हणजे आजी. नव्वदीची बाई, ऐन उमेदीत तिनं या वाटेनं मीठ आणि लोकर वाहिलेली. आता ती अंथरुणाला होती, माणसं ओळखत नव्हती. "डोक्यात नसेल राहिलं तिच्या," तिते म्हणाले, "पण पाठीत राहिलं असेल."

मला अर्थ कळला नाही. ललाच्या घरी गेल्यावर कळला. तितेंनी तिला आधी विचारून बघितलं. सत्ताविसावं ठिकाण घेतलं, एकोणतिसावं घेतलं. ललानं त्यांच्याकडे बघून विचारलं, "तू कुणाचा?" मग त्यांनी तिच्या सुनेला टोपली आणायला सांगितली. आत पाच-सहा शेर बटाटे घातले. सून कुरकुरली, "म्हातारीला मारता का?" तरी तिनं लला अंगणात आणून उभी केली. कपाळपट्टा कपाळावर बसवला. लला आपोआप पुढे वाकली. हात शोधायला लागले, तेव्हा मी तिच्या हातात काठी दिली. मी एका बाजूनं धरलं, सुनेनं दुसऱ्या बाजूनं, आणि अंगणाच्या चढावर आम्ही चालायला लागलो. तितेंनी सत्ताविसाव्या ठिकाणाचं नाव घेतलं.

दहा-बारा पावलं झाली. लला धापा टाकत होती. मग ती थांबली, काठी मागे नेऊन टोपलीखाली टेकवली, दातांतून वारा ओढला, आणि थकलेलं माणूस "हुश्श" म्हणतं तितक्या सहज तिनं ते नाव घेतलं.

तिते खाली बसले.

मी नाव वहीत लिहिलं, तळहातावर लिहिलं, दर चार पावलांनी म्हणत घरी आलो. दीदीला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे होती. रागावेल असं वाटलं होतं.

"आई चार महिने रस्त्यात उभी आहे?" तिनं विचारलं.

"मला माहीत नाही, दीदी. जे कळलं ते सांगितलं."

"मग इथे काय करतोस?"

दुसऱ्या दिवशी दीवानच्या जीपनं खाली गेलो. तितेंना गुडघ्यांमुळे चालवत नव्हतं, ते म्हणाले, "तू मुलगा आहेस, तुला चालतं. फक्त मागे बघू नकोस. वाट सांगणारा मागे बघत नाही." दीवानला म्हटलं, मी चालत येतो, तू सावकाश मागून ये. चौदा किलोमीटर आहे म्हणून तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

बारा वाजून पाच मिनिटं. ऊन कडक होतं. कापलेल्या कड्यावर पाण्याची एक काळी रेघ होती, वाळलेली. तुलबीरची माणसं रस्त्याच्या कडेला भात खात बसली होती. मी मैलाच्या दगडाजवळ उभा राहिलो. अंगात भीती अशी नव्हती. थोडी लाज होती. मी आमच्या भाषेत म्हणालो, "ओझी टेका, पाणी प्या," आणि अठ्ठाविसावं नाव घेतलं.

काही झालं नाही.

मग तुलबीर उठला. ताट हातात घेऊन मागे सरकला आणि पाठ कड्याला टेकवून उभा राहिला. बाकीचेही एकेक करत उठले. लग्नाचं वऱ्हाड किंवा कळप अंगावर आला की माणसं कड्याला चिकटून वाट देतात, तसे ते सगळे उभे राहिले.

मी एकोणतिसावं नाव घेतलं आणि चालायला लागलो.

मागे पावलांचा आवाज नव्हता. एकदाही आला नाही. पाठीवर ऊन होतं, ते मात्र एकोणतिसाव्या ठिकाणापासून लागेनासं झालं. मानेला गारवा जाणवत होता. प्रत्येक ठिकाणी मी थांबत होतो, तितेंनी शिकवलं होतं ते सांगत होतो, पुढचं नाव घेत होतो. तिसाव्याला हिंदी शब्द तोंडात आला, तो गिळला. एकतिसाव्यानंतर ते काम सोपं झालं. ज्या शब्दांची मला आठवणही नव्हती ते आपसूक येत होते, आतून कुणी हळूच पुढे सरकवावेत तसे.

चौतिसावं ठिकाण म्हणजे रोंगतूची वेस. साडेपाच वाजले होते. गाव वर उन्हात होतं. एकतीस घरं, त्यांतली नऊ उघडी. बाकीच्यांची माणसं हल्द्वानी, बरेली, दिल्लीला. मी गावाचं नाव घेतलं.

पुढचं, पस्तिसावं, गावावरच्या दोन दगडांमधलं. तिथून वाट हिमनदीकडे लागते. मी तोंड उघडलं. समोर आमच्या अंगणात दीदी उभी होती. तिनं फाफराच्या भाकऱ्यांची परात खाली ठेवली होती आणि ती माझ्या मागे बघत होती. हात तोंडावर नेला नाही, रडली नाही. फक्त बघत होती, एकेकाकडे, गर्दीत ओळखीची माणसं शोधतात तशी.

मी तोंड मिटलं.

"उद्या सांगू," मी म्हणालो. कुणाला म्हणालो, ते नीटसं सांगता येणार नाही.

दीवान तासाभरानं आला. गाडी वेशीबाहेर लावली आणि तिच्यातच बसून राहिला. मी गेलो.

"एवढा उशीर?"

"रस्ता मोकळा होईना, दाज्यू."

"किती होते?"

"मोजायची खोड तुम्हाला आहे," तो म्हणाला. त्यानं चहासुद्धा घेतला नाही. नंतरच्या हंगामात तो या रस्त्यावर दिसला नाही. टनकपूरकडे गाडी चालवतो असं ऐकलं.

सकाळी सहाला अंगणात आलो. वारा नव्हता. धूर सरळ वर चालला होता. मी सवयीनं मोजला. एकतीस घरांतून धूर निघत होता.

कुलपं जागच्या जागी होती. मी तीन घरांची ओढून बघितली, गंज चढलेली, लागलेली. दारामागे मात्र चुलीचा आवाज होता, बोलणं होतं. एका घरात कुणीतरी याक विकत घेताना फसला होता आणि बाकीचे त्याला हसत होते. भाषा आमचीच, पण मी लहान असताना ऐकलेली, हिंदीचा एक शब्द नसलेली. मी दारापाशी उभा राहून तो विनोद पूर्ण ऐकला. चांगला होता.

आमच्या घरात आईची खोली बंद होती. दीदीनं बंद केली होती. सकाळी ती मीठ-लोण्याचा चहा दाराशी ठेवायची, दुपारी पेला विसळायची. आम्ही त्याबद्दल बोललो नाही. गावातही कुणी बोललं नाही. पण नऊ घरांतली माणसं आपापसांत हिंदी बोलायची थांबली. दीदी अस्वलाची गोष्ट पुन्हा आमच्या भाषेत सांगायला लागली. शाळेतला मास्तर खालचा होता, तो एकदा मला म्हणाला, "तुमची मुलं अचानक मला न कळणारं बोलायला लागली. कोण शिकवतं त्यांना?"

"सुट्टीत आजी-आजोबांकडे राहतात," मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी तिते काठी टेकत आमच्याकडे आले.

"हयात, पुढचं नाव का घेत नाहीस?"

"तुम्ही घ्या. अमरीचा तुम्ही आहात."

ते बसले. दीदीनं चहा दिला. तो त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत घेतला.

"नऊच नावं राहिली आहेत," ते म्हणाले. "एका दुपारचं काम."

"हो."

"त्यांना जायचंय. थकलेत ते."

"तसं म्हणाले का?"

तितेंनी माझ्याकडे बघितलं. मग उठले आणि वरच्या आळीला गेले. तिथे त्यांचं जुनं घर आहे, बायको गेल्यापासून कुलूपबंद. संध्याकाळी मी तिकडून गेलो तर ते पायरीवर बसले होते. डोकं दाराच्या फळीला टेकलेलं होतं. ते सांगत होते, थांबत होते, ऐकत होते, आणि पुन्हा सांगत होते. त्यानंतर त्यांनी नावाचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. कधी मनात यायचं, सकाळी उठून पहिलं काम तेच करू. सकाळी दीदी चहाचा पेला भरताना दिसायची.

कार्तिकात पहिला बर्फ कड्यांवर आला आणि खाली जायची वेळ झाली. रोंगतूत हिवाळ्यात कुणी राहत नाही, छपरापर्यंत बर्फ चढतो. तितेंनी येणार नाही म्हणून सांगितलं. त्यांच्या मुलानं हात जोडले, चिडला, शेवटी त्यांच्यासाठी लाकडं रचून ठेवली. दीदीला मी जवळजवळ ओढत अंगणाबाहेर काढलं. ती वेशीपर्यंत गेली आणि तिथे पाठ करून उभी राहिली.

मी घर आवरलं. चूल विझवली, पाण्याची भांडी पालथी घातली, आईच्या खोलीपुढचा रिकामा पेला उचलला. बाहेर येऊन दार ओढून घेतलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. वैशाखात येऊ, असं आमच्या भाषेत म्हणालो.

आमच्या दाराला आतून लाकडी अडसर आहे. तो बसत नाही. दार दोन बोटं वर उचलून, खांद्यानं रेटावं लागतं, तेव्हा बसतो. घरच्या माणसालाच ते जमतं.

मी पायरी उतरत होतो. मागे दार उचललं गेलं, खांद्याचा एक रेटा बसला, आणि अडसर आतून लागला.